वरून दिसणारी रेघ आणि खाचराचा बांध

ओ. जी. एस. क्रॉफर्ड आणि अलेक्झांडर कीलर यांचं ‘वेसेक्स फ्रॉम द एअर’ १९२८ साली आलं. विमानातून टिपलेल्या जुन्या शेतांच्या कडा, चर, टेकड्यांवरचे कोट त्यात आहेत. पुस्तक मोलाचंच आहे. पण त्यातली रीत जशीच्या तशी कर्जत-खालापुरात आणली, तर फसगत होईल.

त्या रीतीचं मर्म काय? बुजलेल्या चरात माती खोल असते, ओल टिकते. कोरड्या दिवसांत त्यावरचं पीक हिरवं राहतं आणि वरून गडद रेघ दिसते. खडूच्या पातळ मातीत हे छान जमतं. आपल्याकडे पावसाळ्यात वर ढग, खाली खाचरात पाणी. चिखलणी केलेल्या भाताला ओलीचा फरक कळणार कुठून? म्हणून बघायचंच तर भातकापणीनंतर बघा. तेव्हा पेरलेला वाल जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतो. गाडलेली नाली दाखवलीच, तर तोच दाखवेल.

दुसरी अडचण बांधाची. वेसेक्समधली ती शेतं कसणाऱ्यांनी कधीच सोडली, म्हणून त्यांच्या कडा तशाच राहिल्या. आपला बांध दरवर्षी लिंपतात. जागा जुनी असेल, माती मात्र गेल्या पावसाळ्याची! आणि प्रत्येक सरळ रेघ प्राचीन नसते, बरं का. कर्जतमध्ये टाटांच्या भिवपुरी वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्यातून शेतांत जातं. ही सगळी विसाव्या शतकाची करणी.

क्रॉफर्डला हे पक्कं ठाऊक होतं. स्टोनहेंजच्या जुन्या वाटेची रेघ त्याला हवाई छायाचित्रांत दिसली, तेव्हा १९२३ मध्ये त्यानं चर खणून खात्री केली. आपल्या इनामगावचा ताम्रपाषाणयुगीन पाटसुद्धा डेक्कन कॉलेजच्या उत्खननानं सिद्ध झाला. पुस्तकातली चित्रं मोहवतात. घ्यायची ती ही खणून बघण्याची शिस्त.

आणि घाई आहे. फार्महाऊसच्या प्लॉटिंगसाठी जेसीबी एका दिवसात दहा खाचरं सपाट करतो. १९६० ते १९७२ मधली कोरोना उपग्रहचित्रं १९९५ साली खुली झाली. ती आजच्या चित्रांशेजारी ठेवा, मग गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारा, ‘पूर्वी पाणी कुठून जायचं?’ रेघ वरून दिसते, पण तिचा अर्थ बांधावर उभं राहूनच लागतो.