अथीना योजना : साठवण आणि निवड

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९८३ ते १९९१ या काळात डिजिटल व आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने चाललेल्या अथीना योजनेचा गौरव बहुधा एकरूपतेसाठी केला जातो. कंपायलरसारखी साधने प्रत्येक यंत्रावर न बसविता मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवावयाची आणि विद्यार्थ्याने नेटवर्कद्वारा कोणत्याही वर्कस्टेशनवरून ती वापरावयाची, ही कल्पना सोयीची होती यात शंका नाही. परंतु सर्वांची प्रत एकच असली म्हणजे तीतील दोषही सर्वांचा होतो. आणि मध्यवर्ती कंपायलर बदलला की काल चालणारा प्रोग्राम आज अडू शकतो.

अथीनेचे खरे श्रेय या अडचणीवरील उपायात आहे. साधने निरनिराळ्या ‘लॉकरां’त विभागलेली असत, हवा तो लॉकर विद्यार्थी एका आज्ञेने जोडून घेई. एसआयपीबी या विद्यार्थिसंघटनेचाही स्वतंत्र लॉकर होता. साठवण मध्यवर्ती, निवड मात्र वापरणाराची, हा भेद येथे सांभाळला गेला. तथापि लॉकरमधील जुनी आवृत्ती काढून टाकण्याचा अधिकार तो सांभाळणाराकडेच राहतो. म्हणून जेथे संशोधनाची फेरतपासणी व्हावयाची आहे, तेथे नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या जागी नव्हे, तर तिच्या शेजारी ठेवणे, हे अशा व्यवस्थेचे पहिले कर्तव्य मानले पाहिजे.