चिमणी ‘नाही’ का म्हणत नाही? : बालवाडीतल्या सुरक्षापाठांची एक समीक्षा

मराठी मुलाला सुरक्षेचा पहिला धडा मिळतो तो चिऊ-काऊच्या गोष्टीतून. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि भिजलेला काऊ चिऊच्या दाराशी येऊन उभा राहतो. चिऊ आतून एकेक कारण सांगत राहते. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, काजळ-तीट लावायची आहे, निजवायचे आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांना ही गोष्ट कितीही वेळा सांगा, पुरत नाही. दारावरची प्रत्येक थाप आणि आतून आलेले प्रत्येक उत्तर त्यांना पाठ असते आणि तरीही ती श्वास रोखून ऐकतात. वाङ्मय म्हणून गोष्टीला तोड नाही. पण सुरक्षेचा पाठ म्हणून तिच्याकडे पाहू लागलो की एक गोष्ट खटकते. चिमणी एकदाही ‘नाही’ म्हणत नाही. ती सबबी सांगते, वेळ काढते आणि शेवटी दार उघडतेच. पुढे काऊला चुलीपाशी चटका बसतो की आणखी काही होते, ते ज्या घरात गोष्ट सांगितली जाते त्यावर अवलंबून.

हा आक्षेप लोककथेवर नाही. थेट नकार देणे हा आपल्याकडे उद्धटपणा मानला जातो आणि चिमणी त्याच संस्कृतीतली बाई आहे. प्रश्न असा की तिच्याच भाषेत वाढणाऱ्या मुलाला आपण अचानक ‘नाही म्हण, पळ, सांग’ असे तीन शब्द देतो, तेव्हा ते त्याच्या कोणत्या अनुभवाला जाऊन चिकटतात? या प्रश्नासाठी मी बालवाडीच्या वयासाठी वापरले जाणारे सुरक्षासाहित्य, म्हणजे तक्ते, चित्रपुस्तिका आणि चित्रफिती, सलग पाहिले. पाहिले जळकोट तालुक्यात राहून, आणि या ठिकाणामुळे वाचनाला एक तिरपा कोन आला हे मान्य करतो. जळकोट हा लातूर जिल्ह्यातला १९९९ साली झालेला तालुका. नांदेडची हद्द लागून, बालाघाटाचा डोंगराळ भाग, तिरू नदी, आणि वाड्या-तांडे. इथल्या अंगणवाडीत घरी गोरमाटी बोलणारे मूल मराठीत गोष्ट ऐकते. पुण्या-मुंबईत तयार झालेला तक्ता इथल्या भिंतीवर लागला की त्याचे कच्चे दुवे लगेच दिसतात.

पहिला कच्चा दुवा म्हणजे ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही जोडी. ती इतकी रूढ झाली आहे की तिच्यावर शंका घेणे अनेकांना विचित्र वाटेल. पण चार वर्षांच्या मुलासाठी ‘वाईट’ म्हणजे जे दुखते ते. लस टोचणारी नर्स वाईट, गुंता सोडवणारी आई वाईट. उलट गोळ्या-बिस्किटे देऊन, गुदगुल्या करून जवळ घेणारा माणूस चांगला. अत्याचाराची सुरुवात बहुधा दुखण्याने होत नाही, लाडाने होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सँडी वर्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली बालवाडीच्या वयातील मुलांवर दोन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. एका पद्धतीत मुलाने आपल्या भावनेवरून स्पर्श ओळखायचा. दुसरीत एक साधा नियम, अभिनय करून, पुन्हा पुन्हा सराव करून शिकवायचा: माझे खाजगी अवयव माझे आहेत, स्वच्छता किंवा आजारपण सोडून मोठ्यांनी त्यांना हात लावायचा नसतो. नियम शिकलेल्या मुलांची कौशल्ये अधिक पक्की निघाली. भावनेवर विसंबलेली मुले गोंधळली. याला साडेतीन दशके झाली आणि आपले तक्ते अजून हसरा चेहरा व रडका चेहरा काढतात.

१३ मे २०१२ रोजी ‘सत्यमेव जयते’च्या दुसऱ्या भागात आमिर खानने मुलांची एक छोटी कार्यशाळा घेतली. ती घराघरात पाहिली गेली. शरीरावरच्या तीन जागा दाखवल्या, ओरडायचे, पळायचे, विश्वासाच्या माणसाला सांगायचे. भावनेऐवजी नियम सांगणारी ही मांडणी म्हणून ती चांगलीच होती. पण त्या तीन जागांना धोक्याच्या जागा म्हटले गेले, आणि मला तिथे अडखळायला होते. धोका मुलाच्या अंगात नसतो, तो हात लावणाऱ्यात असतो. चार वर्षांच्या मुलीने स्वतःच्या शरीराला धोका समजावे, हे आपण तिला आधीच दुसऱ्या शब्दाने शिकवत असतो. तो शब्द म्हणजे ‘शेम शेम’. चड्डी सुटलेल्या मुलाभोवती टाळ्या पिटून म्हटला जाणारा हा शब्द मराठी बालपणातला पहिला शरीरपाठ आहे, आणि तो लाजेचा आहे. ज्या जागेचे नावच लाज, त्या जागेबद्दलची तक्रार मूल कुठल्या तोंडाने करील?

इथे भाषेच्या अभ्यासकाला जे दिसते ते तक्ते करणाऱ्यांना दिसत नाही. या अवयवांसाठी आपल्याकडे तीन प्रकारचे शब्द आहेत: पाठ्यपुस्तकातले संस्कृत, चौकातल्या शिव्या, आणि घरोघरचे बोबडे लाडशब्द. तिसऱ्या प्रकारचे शब्द एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचत नाहीत. मुलाने आपल्या घरचा शब्द वापरून काही सांगितले तर सेविकेला तो कळेलच असे नाही, आणि गोरमाटीतला असेल तर मुळीच नाही. ‘शूची जागा’, ‘शीची जागा’ हे मला त्यातल्या त्यात कामाचे वाटतात. त्यांत ना लाज आहे, ना पांडित्य.

दुसरा कच्चा दुवा ‘अनोळखी माणूस’. मराठीत अनोळखी पुरुष मुलासाठी अस्तित्वातच नसतो. रिक्षावाला काका, दूधवाला काका, शाळेतले शिपाईकाका. आडनाव कळण्याआधी नाते लावण्याची आपली रीत सुंदर आहे, पण त्यामुळे ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हे वाक्य मुलाच्या कानावर नुसते आदळून जाते. गावात तर सगळेच भावकीचे किंवा शेजारचे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांत केलेल्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता, आणि त्यांतले निम्मे अत्याचारी ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते. पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या पॉक्सोच्या गुन्ह्यांत तर दहापैकी नऊहून अधिक आरोपी पीडिताच्या ओळखीचे असतात. चाइल्डलाइनच्या ‘कोमल’ या अॅनिमेशनपटाने हे बरोबर ओळखले. त्यातला गुन्हेगार वडिलांचा जुना मित्र आणि शेजारी आहे. फिल्म शहरी आहे आणि तीन वर्षांच्या मुलाला लांबही पडते, पण खलनायक कुठून येतो याबद्दल ती खोटे बोलत नाही.

आपली जुनी पद्धत मात्र बोलते. झोळीवाला पोत्यात घालून नेईल, बागुलबुवा येईल. या गोष्टीतला झोळीवाला कोण असतो? भिक्षा मागत फिरणारा भटका. तो मुलाला काही करीत नाही. गोष्ट मात्र त्याचे बरेच काही करते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मारून टाकले. त्या दिवशीचे निमित्त मोबाइलवरच्या अफवेचे होते. पण अफवेवर विश्वास बसायला जी जमीन लागते ती आपण पाळण्यापासून तयार करत आलो. सुरक्षेच्या नावाखाली सांगितलेल्या गोष्टींची समीक्षा करायची तर हा हिशोबही त्यांच्या नावावर लागला पाहिजे.

मग आपल्या परंपरेत उपयोगी काहीच नाही का? मला भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट उपयोगी वाटते, आणि ती म्हातारीपेक्षा तिच्या लेकीमुळे. वाटेत वाघ-कोल्ह्याने अडवले तेव्हा म्हातारी थाप मारून निसटते, हे चातुर्य सगळ्यांच्या लक्षात राहते. पण लेकीकडे पोहोचल्यावर ती घडलेले सांगते आणि लेक तिला ‘तू त्या वाटेने गेलीसच कशाला’ असे विचारत बसत नाही. ती भोपळा आणते, त्यात आईला बसवते. सांगितले, पटले, व्यवस्था झाली. सुरक्षापाठातला ‘सांग’ हा शब्द पुरा व्हायला ऐकणाऱ्याने काय करायचे, ते या गोष्टीत आहे आणि बहुतेक तक्त्यांत नाही.

बदलापूरच्या मुली चार वर्षांच्या होत्या. ऑगस्ट २०२४ मधले ते प्रकरण आठवताना आपल्याला रेल्वे रुळांवरची गर्दी आठवते. मला आठवते ते हे, की त्या मुलींनी घरी सांगितले होते. इतक्या लहान वयात जे येत नाही असे आपण धरून चालतो ते त्यांना आले. नंतर तक्रार नोंदवायला जो उशीर झाला तो मोठ्यांच्या जगात झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत बोट ठेवले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २४ प्रयोगांतल्या ५,८०२ मुलांची आकडेवारी तपासली गेली. अशा शिक्षणाने मुलांचे ज्ञान आणि कौशल्य वाढते, असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात हे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. म्हणून शिकवू नये, असे मी म्हणत नाही. मूल ‘नाही’ म्हणायला शिकले म्हणजे काम झाले, असे समजून जो तक्ता भिंतीवर लावला जातो, त्याला माझा विरोध आहे.

काम कुणावर पडते ते पाहा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. म्हणजे अंगणवाडी सेविकेनेही. ती त्याच गावात राहते, बहुधा त्याच भावकीत नांदते, आणि मानधनावर काम करते. तिच्या प्रशिक्षणात मुलाशी कसे बोलावे हे असते. घरी परतल्यावर दिराशी, सरपंचाशी कसे बोलावे हे कुठल्याही पुस्तिकेत नाही. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलाने असुरक्षित प्रसंग ओळखून मदत मागावी, ही क्षमता स्पष्ट लिहिली आहे. मदत देणाऱ्याच्या क्षमतेची ओळ मी शोधत आहे.

आणि जळकोटच्या तांड्यावरून आणखी एक प्रश्न. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथली अनेक कुटुंबे उचल फेडायला ऊसतोडीला जातात. लहान मुले कोयत्यासोबत जातात. ती फडाच्या कडेला झोपतात, रात्री कोपीत. चिऊ-काऊची सगळी गोष्ट दारावर उभी आहे, आणि कोपीला दार नसते. आईबाप पहाटे अंधारात फडात गेल्यावर त्या मुलाने कुठे पळायचे आणि कुणाला सांगायचे? १०९८ हा आकडा पाठ करून घेणे सोपे आहे, पण फोन बापाच्या खिशात असतो. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर करून दाखवला; अंगणवाडी या कल्पनेचे मूळच तिथे आहे. फडावर अंगण कुठे धरायचे, याचा विचार साखरशाळांनी थोडाफार केला, तो मोठ्या मुलांपुरता.

एका तांड्यावरच्या सेविकाताई हल्ली चिऊ-काऊची गोष्ट बदलून सांगतात. त्यांची चिऊ पहिल्याच थापेला, दार न उघडता, ‘नाही’ म्हणते, आणि मग खिडकीतून मैनाबाईला हाक मारते. मुलांना यात मजा येत नाही. काजळ-तीट राहिली म्हणून ती कुरकुरतात. ताईंनी तोडगा काढला आहे. आधी जुनी गोष्ट, मग नवी. दोन्ही सांगून होतात तोवर खिचडीची वेळ होते. गेल्या वर्षी पटावरची निम्मी मुले नवी गोष्ट पाठ व्हायच्या आत कारखान्याला गेली. ती मार्चअखेरीस परतली, तेव्हा ताईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.