कपडेपट आणि जात

आपल्याकडे मराठी रंगभूमीवरील दलित प्रतिमेची चर्चा संहितेपाशी सुरू होते आणि बहुधा संहितेपाशीच संपते. नाटककाराने काय लिहिले हे आपण तपासतो. कपडेपटाच्या ट्रंकेतून काय बाहेर आले हे तपासत नाही. महाविद्यालयीन नाटकांचा कपडेपट मी काही वर्षे सांभाळतो आहे. पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच त्याची जात सांगण्याचे काम कापड करीत असते आणि पुष्कळदा ते खोटे सांगते, हे मला तिथे दिसले.

विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान' (१९८३) या नाटकावर आपल्यात वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्यातला अरुण आठवले कवी आहे, बी. ए. करतो आहे, वर्तमानपत्रात काम करतो आहे. एका आंतरमहाविद्यालयीन प्रयोगात हा अरुण आला तो खांद्यावर फाटलेला मातकट सदरा घालून, चेहऱ्याला काळपट रंग फासून. ज्योती मात्र वर्गातल्या कोणत्याही मुलीसारखी. दिग्दर्शकाला विचारले, तर म्हणाला, "सर, प्रेक्षकांना कळायला नको का?" काय कळायला हवे होते? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळासाठी प्रेतावरची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले आहेत, राजाज्ञेने ठरलेल्या खुणा अंगावर बाळगून फिरावे असेही सांगितले आहे. या मुलाने मनुस्मृती वाचलेली नव्हती. तरीही खूण लावण्याची गरज त्याला वाटली. संस्कार म्हणतात तो हाच.

यावर, मग दारिद्र्य दाखवायचेच नाही काय, असे कुणी विचारील. दाखवावे, पण ते ठाऊक असलेले दारिद्र्य असावे. आमच्या तालमींत नवा सदरा चहाच्या पाण्यात बुडवतात, पॉलिश पेपरने घासतात आणि ब्लेडने खांदा फाडतात. गरिबाचा सदरा असा नसतो. तो कॉलरला आणि कोपराला झिजतो. कॉलर विरली की ती उलटवून शिवतात, कोपराला ठिगळ लागते. माझी आई तांब्यात निखारे घालून माझ्या सदऱ्याला इस्त्री करी. त्याला दोन ठिगळे होती, पण उसवलेली शिवण एकही नव्हती. फाटलेला कपडा नुसती दैना दाखवतो, ठिगळात ती दैना निस्तरणारा हात दिसतो. रंगभूमी भोक दाखवते आणि तो हात वगळते. मग प्रेक्षकाच्या मनात कणव येते, आदर येत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते वस्त्राविषयीच. लुगडे नेसण्याची जी पद्धत अस्पृश्यतेची खूण सांगते ती सोडा, चांदीच्या दागिन्यांचे ओझे उतरवा. कपड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण तो स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. वेशभूषेचा एवढा नेमका विचार आपल्या घरात असताना आपली मुले परक्या कल्पनेतल्या चिंध्या का शिवतात?

दोष केवळ त्यांचा नाही. आपल्याही नाटकांत कोट-टायमधले बाबासाहेब पुतळ्यासारखे ताठ उभे केले जातात. माणूस दिवसभर लिहीत बसला तर कोटाच्या बाहीला घडी पडते, हे आपण विसरतो. चिंधी आणि पुतळा, दोन्हींत माणूस हरवतो.

आणखी एक गोष्ट. हा कपडेपट सांभाळतो कोण? भूमिका न मिळालेल्या मुली आणि वसतिगृहातली खेड्यातून आलेली मुले. 'उच्चार शुद्ध नाहीत' म्हणून ज्याला संवाद नाकारला, तोच विंगेत सेफ्टी पिना तोंडात धरून उभा असतो आणि प्रयोगानंतर घामाचे कपडे धुतो. झिजलेली कॉलर कशी दिसते हे त्या गटात कदाचित त्यालाच ठाऊक असते. पण त्याला कुणी विचारीत नाही.

म्हणून नाटकाच्या पहिल्या वाचनाला कपडेपटाच्या मुलालाही बसवा. हे पात्र काय घालते, ते कुणी धुतले आणि कुणी शिवले, हे त्याला विचारा. संहितेइतकीच त्याच्या उत्तरांचीही समीक्षा व्हायला हवी.