'अमर्याद' मैत्रीच्या मर्यादा : चीन-रशिया संबंधांची चिकित्सा

प्रस्तावना :
दि. ४ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंग येथे प्रसिद्ध झालेल्या संयुक्त निवेदनात चीन व रशिया यांच्या मैत्रीला 'मर्यादा नाहीत' असे म्हटले गेले. तेव्हापासून या संबंधांचे वर्णन सर्रास 'युती' या शब्दाने केले जाते. हे वर्णन कितपत यथार्थ आहे, हे करार व व्यापार यांच्या आधारे तपासणे आवश्यक ठरते.

राजनैतिक बाजू :
१९५० च्या मैत्री करारात परस्परांना लष्करी साहाय्य देण्याचे बंधन होते. तरीही १९६९ मध्ये उसुरी नदीतील दमान्स्की (झेनबाओ) बेटावर उभय सैन्यांत चकमकी झडल्या. याउलट २००१ च्या करारात असे बंधन नाही. धोका उद्भवल्यास विचारविनिमय करावा, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. याच कराराच्या काळात, २००८ मध्ये, सीमाप्रश्न पूर्णतः मिटला आणि २०२१ मध्ये कराराची मुदत पाच वर्षांनी वाढविल्याचे जाहीर झाले. मात्र मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनच्या ठरावावर चीनने रशियाच्या बाजूने मतदान न करता तटस्थ राहणे पसंत केले. क्रिमियाच्या विलीनीकरणालाही त्याने मान्यता दिलेली नाही.

आर्थिक बाजू :
२०२३ मध्ये द्विपक्षीय व्यापार सुमारे २४० अब्ज डॉलरवर गेला. हा आकडा रशियाच्या परराष्ट्र व्यापाराचा जवळजवळ एक तृतीयांश, तर चीनच्या व्यापाराचा केवळ ४ टक्क्यांच्या आसपास आहे. रशिया प्रामुख्याने तेल, वायू व कोळसा विकतो; चीन यंत्रसामग्री, मोटारी व इलेक्ट्रॉनिक वस्तू पुरवितो. २०१४ च्या करारानुसार 'पॉवर ऑफ सायबेरिया' वाहिनीतून डिसेंबर २०१९ मध्ये वायुपुरवठा सुरू झाला. दुसऱ्या वाहिनीबाबत सप्टेंबर २०२५ मध्ये सामंजस्य झाले, तेव्हा वायूच्या दराचा प्रश्न मात्र अनिर्णित होता. युरोपची बाजारपेठ बव्हंशी गमावलेल्या विक्रेत्यापुढे ग्राहकाला घाई नसते, हेच यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
बंधनाचा करार मोडला आणि बंधनमुक्त करार टिकला, हा इतिहास पाहता मर्यादा हाच या मैत्रीचा आधार असल्याचे दिसते. 'युती' हा शब्द ही वस्तुस्थिती झाकतो. तथापि, वाढत्या एकतर्फी अवलंबित्वामुळे त्या मर्यादा ठरविण्याचा अधिकार बीजिंगकडे सरकत आहे. रशियाच्या परराष्ट्र धोरणाच्या स्वायत्ततेची खरी कसोटी येथेच आहे.