देणाऱ्यांच्या गावात गेलेली बाई

चर्चच्या गटाबरोबर दोन आठवडे परदेशात जायचं, एखाद्या गरीब गावातल्या शाळेच्या भिंती रंगवायच्या, पोरांसोबत फोटो काढायचे आणि परत येऊन अनुभव लिहायचा. इंग्रजीत अशा लेखनाचा साचाच पडलाय. आधी भीती, मग पोरांचं हसू, शेवटी ‘मी द्यायला गेलो आणि घेऊनच आलो’. ज्यांच्या गावात हे सगळं घडतं, त्यांनी पाहुण्यांबद्दल लिहिलेलं मात्र क्वचितच वाचायला मिळतं.

म्हणून मला पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ महत्त्वाचं वाटतं. १८८९ साली आलेल्या या पुस्तकात प्रवासाची दिशा उलटी आहे. जिथून मिशनरी आणि पैसा इकडे यायचा, त्या देशात एक मराठी बाई जाते आणि तिथल्या माणसांचं निरीक्षण करते.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे राहिल्या, त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८पर्यंत अमेरिकेत राहिल्या. तिथे किंडरगार्टनची पद्धत शिकल्या, गावोगाव भाषणं दिली. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं मदत करायला डिसेंबर १८८७मध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. थोडक्यात, ही बाई मदत मिळवायलाच फिरत होती. तरी पुस्तकाचा सूर कुठेच मिंधा नाही, ही त्याची पहिली ताकद.

दुसरी ताकद म्हणजे कुतूहलाचा विषय. राज्यकारभार, शिक्षण, घरसंसार, धर्मपंथ आणि धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणं आहेत. दयाळू माणसांचं नुसतं कौतुक करून रमाबाई थांबत नाहीत. दयेचं काम चालतं कसं, हे त्यांना समजून घ्यायचंय. बायका मंडळ कसं स्थापतात, थोडाथोडा पैसा कसा साठवतात, विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियनसारखी संघटना देशभर कशी पसरते. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर त्या ॲपचा स्क्रीनशॉट दाखवत नाहीत, आतली रचना उलगडतात. वाचणाऱ्या मराठी बाईला हे आपल्या गावात करून बघता यावं, हा हेतू स्पष्ट दिसतो.

आणि यजमानांची पापं त्या झाकत नाहीत. मूळ रहिवाशांना कसं लुबाडलं, काळ्या माणसांना कसं वागवलं जातं, हेही पुस्तकात आहे. पैसे देणाऱ्याच्या घरी बसून त्याच्या घराबद्दल खरं लिहिणं आजही सोपं नाही. सिस्टर जेराल्डीनशी झालेल्या पत्रव्यवहारातही हाच बाणा दिसतो. धर्म स्वीकारला म्हणून विचार करायचा हक्क सोडला नाही, असं त्या ठणकावतात.

पण पुस्तकाला मर्यादाही आहे. अमेरिकी बायकांच्या संघटनशक्तीने रमाबाई इतक्या भारावल्यात की परदेशी मिशनसाठी पैसा जमवणाऱ्यांबद्दल लिहिताना एक प्रश्न मागे पडतो: तो पैसा जिथे पोचतो तिथल्या माणसांना काय वाटतं? पुस्तकात राहिलेला हा प्रश्न आयुष्याने त्यांच्यासमोर ठेवला. १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं ते धर्माच्या बाबतीत हस्तक्षेप न करण्याच्या अटीवर. १८९३पर्यंत, सदन पुण्यात आल्यावर, धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. कोणाची बाजू खरी, यावर अजून भांडता येईल. पण बॉस्टनची मंडळी नीट हिशेब ठेवत असली, तरी पुण्यातल्या पालकांचा विश्वास त्या वहीत मावणारा नव्हता.

बुलढाण्यात बसून हे वाचताना ते जुनं वाटत नाही. अमेरिकन मिशनची माणसं आमच्या खामगावपर्यंत येऊन राहिली होती. २००६मध्ये शेतकरी आत्महत्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्या सहा जिल्ह्यांत आमचाही जिल्हा होता. तेव्हापासून मदतीला येणारे पाहुणे आम्हाला नवीन नाहीत. मी शिकलेल्या शाळेत एका मोठ्या कंपनीची टीम एक दिवस आली. एकसारखे टी-शर्ट, एक रंगवलेली भिंत, भरपूर फोटो. गुरुजींनी संगणक दुरुस्त होतील का विचारलं, तर ते त्यांच्या कार्यक्रमात नव्हतं. दुसरीकडे शेगावच्या संस्थानात सेवेकरी पाळीपाळीने येतात, पंगतीत वाढतात, जोडे सांभाळतात. तिथे एक सेवेकरी घरी गेला की दुसरा त्या जागी उभा राहतो. काम माणसावर अडत नाही. भिंत रंगवून गेलेल्यांच्या मागे कोण उभं राहतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

तुम्ही अशा एखाद्या सहलीला जाणार असाल, चर्चच्या, मंदिराच्या किंवा कंपनीच्या, तर जरूर जा. पण जाण्याआधी रमाबाईंसारखं विचारा: पैसा कोणाचा, ठरवतं कोण, आपण निघाल्यावर काम कोण चालवणार? आणि इथल्या कोणी तिकडे जाऊन देणाऱ्यांच्या गावावर असंच रोखठोक पुस्तक लिहिलं, तर मी ते पहिल्या दिवशी विकत घेईन. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पुढचा भाग अजून यायचाय.