'अँड पार्टी' : नुसरत फतेह अली खान यांच्या अल्बमांविषयी

जुन्या कॅसेटच्या वेष्टनावर कव्वालाच्या नावापुढे दोन शब्द बारीक टाइपात छापलेले असत : 'अँड पार्टी'. नुसरत फतेह अली खान अँड पार्टी. फोटोत खानसाहेब मधोमध, हात वर केलेले. मागची माणसे अर्धी कापलेली, कोणाचा खांदा, कोणाची नुसती टोपी. या लेखात मला त्या बारीक टाइपाविषयीच लिहायचे आहे. कारण नुसरत यांचा कोणता अल्बम श्रेष्ठ, हा वाद आमच्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे आणि त्यात त्या दोन शब्दांचा उल्लेखही कोणी करीत नाही.

अचलपूर हे शाह अब्दुर्रहमान गाझी यांच्या दर्ग्याचे गाव. उरूस, संदल आणि त्यानिमित्ताने होणारी कव्वाली येथे लहानपणापासून कानावर पडते. त्यामुळे येथील श्रोता स्वतःला जाणकार समजतो आणि बऱ्याच अंशी तो असतोही. इशाची नमाज आटोपली की चहाच्या हॉटेलात, नाहीतर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुटीत, "आजकल क्या सुन रहे?" या प्रश्नाने बोलणे सुरू होते. पूर्वी कॅसेटची अदलाबदल होई, मग एमपीथ्री सीडी आल्या, आता सारे मोबाइलवर आहे. वाद मात्र तोच.

वादाचे तीन पक्ष आहेत. वयस्कर मंडळी साबरी ब्रदर्सची. गुलाम फरीद साबरी (निधन 1994) यांचा भारदस्त आवाज, मध्येच येणारा त्यांचा 'अल्लाह' हा पुकारा आणि वर मकबूल अहमद साबरी (निधन 2011) यांची उंच पट्टी, या जोडीपुढे त्यांना दुसरे काही सुचत नाही. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गाणारे कव्वाल ते हेच, हे ते प्रत्येक वेळी सांगतात. दुसरा पक्ष नुसरत यांच्या जुन्या कॅसेटवाल्यांचा. एक कव्वाली म्हणजे कॅसेटची एक बाजू, असा त्यांचा हिशेब. तिसरा पक्ष तरुणांचा. त्यांना 'मस्त मस्त' हा 1990 चा अल्बम शिखर वाटतो. गिटार, बास, कीबोर्ड आणि त्यावर तो आवाज! "सर, पुरानी कव्वाली आधा घंटा चलती, टाइम किसके पास है?" असे ते मला विचारतात.

एक चौथा पक्षही असायला हवा होता, तो म्हणजे आपल्या मुंबईच्या कव्वालीचा. 1958 च्या 'अल-हिलाल' चित्रपटातील कव्वालीने घराघरांत पोहोचलेले इस्माईल आझाद आणि त्यांच्याच पार्टीतून पुढे आलेले अझीझ नाझा, ज्यांचे 'झूम बराबर झूम' 1974 च्या 'फाइव्ह रायफल्स'मध्ये गाजले. या परंपरेत शायरीची चकमक आहे, मुकाबला आहे, समोरच्याला निरुत्तर करण्याची मजा आहे. महाराष्ट्रात तिने मराठीलाही हात दिला. प्रल्हाद शिंदे यांनी कव्वालीही गायली, भीमगीतेही गायली आणि विठ्ठलाची भक्तिगीतेही. पण आमच्या गप्पांत ही मंडळी सवड मिळाली तर येतात. घरचे म्हणून असेल. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मुद्दा असा की कव्वालाची पार्टी म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय अल्बमची तुलना करता येत नाही. नुसरत यांचे वडील फतेह अली खान 1964 मध्ये गेले. काका मुबारक अली खान 1971 मध्ये गेल्यावर नुसरत पार्टीचे प्रमुख झाले. शेजारी चुलतभाऊ मुजाहिद मुबारक अली, पेटीवर धाकटे भाऊ फर्रुख फतेह अली, तबल्यावर दिलदार हुसेन, पुढे कोवळ्या वयाचा पुतण्या राहत, आणि मागे टाळी देणारे, ओळ उचलणारे हमनवा. 'हमनवा' या शब्दाचा अर्थच 'एका स्वरात स्वर मिसळणारा'. मराठी कोरस म्हटले की आपल्याला मागे उभे राहून 'आऽऽ' करणारे आठवतात. हमनवा तसे नसतात. कव्वाल मुखडा सोडून दुसऱ्या शायराचा शेर मध्ये आणतो, त्याला गिरह लावणे म्हणतात. तो शेर कोठे मोकळा सोडायचा आणि मुखड्यावर परत कधी यायचे, हे हमनवांना न सांगता कळावे लागते. कव्वाल तानेत लांब निघून गेला की ते ओळ धरून ठेवतात. घराचा दिवा कोणीतरी लावून ठेवावा, तसे. परतणाऱ्याला रस्ता सापडतो तो त्यांच्यामुळे.

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने ज्यांनी मोझरीला बसून ऐकली आहेत, त्यांना धृपद उचलणाऱ्या मंडळींची ताकद ठाऊक आहे. गाडगेबाबा तर कीर्तनात प्रश्न विचारीत आणि समोरच्या लोकांकडून उत्तर वदवून घेत. लोक बोलल्याशिवाय ते कीर्तन पुढेच जात नसे. एकाने म्हणायचे आणि अनेकांनी ते उचलून खरे करायचे, ही रीत आमच्या मातीत दोन्ही बाजूंनी मुरलेली आहे.

इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये हजरत जुनैद यांच्या हवाल्याने समाअच्या तीन अटी दिल्या आहेत : जमान, मकान आणि इख्वान. म्हणजे योग्य वेळ, योग्य जागा आणि सोबतीला योग्य माणसे. या तिन्ही नसतील तर ऐकू नये. समाअ जायज की नाजायज हा वाद मी येथे उघडत नाही, त्याला अधिकारी माणसे आहेत. पण टीकेची कसोटी म्हणून या तीन अटी मला फार उपयोगी वाटतात. कारण कॅसेट आली तेव्हा पहिल्या दोन अटी संपल्या. वेळ नाही, कारण बटण केव्हाही दाबता येते. जागा नाही, कारण एसटीतही ऐकता येते. राहिली तिसरी. रेकॉर्डिंगमध्ये इख्वानची जागा कोण घेतो? हमनवा घेतात. ते नुसते गाणारे नसतात, पहिले ऐकणारेही तेच असतात. मेहफिलीत एखाद्या मिसऱ्यावर कोणाला हाल आला तर कव्वाल तो मिसरा सोडत नाही, पुन्हा पुन्हा म्हणतो. याला तकरार म्हणतात. स्टुडिओत समोर कोणी नसते. तेथे ओळ पोचली की नाही, हे कव्वालाला हमनवांच्या उचलण्यावरूनच कळते. म्हणून माझ्या मते अल्बम ऐकताना पहिला प्रश्न हा विचारावा : पार्टी ऐकू येते की नाही?

या प्रश्नावर 'मस्त मस्त' अडखळतो. पीटर गॅब्रिएल यांच्या रिअल वर्ल्ड कंपनीने काढलेला हा अल्बम मायकेल ब्रूक यांनी घडवला. पेटी आणि तबला त्यात आहेत, नाही असे नाही. पण टाळीच्या जागी यंत्राचा ठेका आला आणि हमनवांचे काम बऱ्याच ठिकाणी उरलेच नाही. कित्येक तुकड्यांत तर शब्दही नाहीत. सरगम, तराणा आणि आलाप. आवाज अप्रतिम आहे, याबद्दल दुमत नाही. पण तो आवाज एकटा फिरतो. तो निघतो, भटकतो, आणि मग गाणे हळूहळू बंद होते. परतायला घर नाही म्हणून ते बंद करावे लागते. मायकेल ब्रूक यांनी स्वतःच नंतर सांगितले आहे की संकलन करताना त्यांनी काही ओळी अर्ध्यावर कापल्या होत्या, त्यामुळे शब्दांचा अर्थच राहिला नव्हता, आणि नुसरत यांनी त्याला हरकत घेतली. मग मधला मार्ग काढला गेला. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला ही हकीकत लागते. आमच्या वर्गात मुलाने मिसरा तोडून वाचला तर आम्ही थांबवतो. येथे भाषा न कळणाऱ्या कानाला सुरांचा तुकडा सुंदर वाटला, म्हणून मिसऱ्यावर कात्री चालली. त्यात दुष्टपणा नव्हता. पण शब्द हा सुरांवर चढवलेला मुलामा आहे, काढला तरी चालतो, ही समजूत त्यात होती. ज्या गायनप्रकाराचे नावच 'कौल' म्हणजे वचन या शब्दावरून आले, त्याच्या बाबतीत ती चालत नाही.

आमचे तरुण मित्र येथे एक युक्तिवाद करतात आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ते म्हणतात, हा अल्बम झाला नसता आणि मॅसिव्ह अटॅकने त्याचे रिमिक्स केले नसते, तर दुनियेने नुसरतना ऐकले असते का? परदेशी माणसाला अर्धा तास टाळ्या कोण ऐकवणार?

याचे उत्तर 1985 मध्येच मिळाले होते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या मर्सी बेटावर वोमॅड महोत्सवात नुसरत पूर्ण पार्टीसह बसले. समोरच्या बहुतेकांना ना उर्दू येत होती ना पंजाबी. गिटार नव्हती, कीबोर्ड नव्हता. रात्री उशिराची ती बैठक त्यांच्या पाश्चात्त्य कीर्तीची सुरुवात मानली जाते, आणि 2019 मध्ये तिचे रेकॉर्डिंग रिअल वर्ल्डनेच प्रसिद्ध केले. 1989 चा 'शहेनशाह' हा त्यांचा रिअल वर्ल्डवरचा पहिला अल्बमही पूर्ण पार्टीचाच. तेव्हा परक्या कानाला पार्टी पेलत नाही, हे खरे नव्हे. पेलत होती. बाजाराला ती लांब वाटली, एवढेच.

उलट 1996 चा 'नाइट साँग' मी 'मस्त मस्त'पेक्षा वरचा मानतो, आणि यावर जुन्या पक्षाचे लोक माझ्यावर नाराज असतात. तोही मायकेल ब्रूक यांच्यासोबतचाच, त्यातही पार्टीचे राज्य नाही. पण तो कव्वाली असल्याचा आव आणत नाही. संथ आहे, एकांताचा आहे. एकटा माणूस एकट्या माणसासाठी गातो आहे, हे तो पहिल्या मिनिटाला मान्य करतो. 'मस्त मस्त'ला कव्वालीची झिंग हवी आहे आणि झिंग चढवणारी माणसे नको आहेत. दोष आधुनिकतेचा असता तर 'नाइट साँग'ही मला खटकला असता.

हा सगळा वाद 2024 च्या सप्टेंबरनंतर बदलला. रिअल वर्ल्डच्या साठ्यात राहून गेलेल्या टेपांवरून 'चेन ऑफ लाइट' हा अल्बम त्या महिन्यात निघाला. नुसरत 16 ऑगस्ट 1997 रोजी अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लंडनमध्ये गेले. म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षांनी. यात चारच कव्वाल्या आहेत, प्रत्येक साधारण दहा मिनिटांची. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट रेकॉर्डिंगच्या वर्षाची. ते वर्ष 1990! म्हणजे ज्या वर्षी 'मस्त मस्त' आला त्याच वर्षी, त्याच कंपनीच्या स्टुडिओत, तोच माणूस आपल्या हमनवांना घेऊन बसला होता. एक टेप जगभर गेली, दुसरी फळीवर राहिली.

टीकाकाराला अशी तुलना क्वचित मिळते. आवाज तोच, वय तेच, दमसास तोच. फरक पार्टीचा. 'चेन ऑफ लाइट' ऐकताना नुसरत यांची सरगम ऐकावी. ती 'मस्त मस्त'मध्येही आहे, पण तेथे ती शोभेची वाटते. येथे ती मुद्दा पुढे नेते. कारण मागे ओळ धरलेली असते आणि सरगम त्या ओळीवरच येऊन आदळते. दहा मिनिटांची कव्वाली खरे तर तोकडी. तरीही येथे काही कापले गेल्यासारखे वाटत नाही, मिसरा पुरा होतो आणि पुरा झालेला मिसरा माणसे उचलतात.

आमच्याकडचे याचे परिणाम मात्र वेगळ्याच दिशेने गेले आहेत. 1994 मध्ये 'मोहरा' चित्रपटाने 'दम मस्त कलंदर'ची चाल उचलली, तेव्हा सेहवानच्या कलंदराच्या जागी नायिका आली, यावर तेव्हा पुष्कळ लोक हळहळले. त्या गाण्यातून हमनवाही गेले, याची हळहळ कोणी केली नाही. त्यानंतर 'सूफी' या नावाचे नवे दुकान उघडले. मराठी वर्तमानपत्रेही आता कव्वालीला 'सूफी संगीत' म्हणतात, जणू कव्वाली हा शब्द जरा हलका आहे. सूफी संगीताला एक गायक पुरतो. लग्नाच्या रिसेप्शनला, नेत्याच्या वाढदिवसाला, कधी कधी उरुसालाही आमच्या भागात आता एक गायक आणि ट्रॅक बोलावतात. आठ-दहा माणसांचे भाडे, जेवण, बिदागी वाचते. ढोलकवाला, टाळीवाला, मागची ओळ उचलणारा पोरगा यांचा रोजगार जातो, आणि त्या पोराने मागे बसून जे शिकायचे तेही जाते. राहत फतेह अली खान पोरवयात काकांच्या पुढ्यात बसूनच शिकले. ट्रॅकच्या पुढ्यात बसून कोणी काय शिकणार?

सध्या हॉटेलात वाद चालू आहे तो 'चेन ऑफ लाइट'मधल्या चारांचा. साबरीवाले एक बुजुर्ग पहिल्यांदाच नुसरत यांच्या बाजूने बोलले. त्यांचे मत 'खबरम रसीद इमशब'ला, कारण कलाम अमीर खुसरो यांचा. फारसी आमच्यात कोणालाच धड येत नाही, पण त्याने काही अडले नाही. पंजाबी कळते म्हणणारे दोघे 'आज सिक मित्रां दी'वर अडून आहेत. तरुण मंडळी पहिल्या 'या अल्लाह या रहमान'वर खूश. अर्धा तास लागत नाही, हे त्यांना बरे वाटले. माझे मत तिसऱ्याला, 'या गौस या मीरां'ला. ही कव्वाली याआधी त्यांच्या कोणत्याही अल्बमवर आलेली नव्हती, त्यामुळे कोणाच्याही कानात तिची जुनी आवृत्ती नाही आणि जुन्या कॅसेटवाल्यांना "पहिली जास्त चांगली होती" असे म्हणता येत नाही. दोन मते मला आहेत. उरलेले अजून ऐकताहेत.