एक औषधे

गेल्या श्रावणात माझ्या आईच्या मोबाइलवर पनवेलमधल्या एका औषधविक्रेत्याचा निरोप आला : ‘आपली १ औषधे तयार आहेत.’ आई चौऱ्याऐंशी वर्षांची. चष्मा पुसून तिने तो दोनदा वाचला, दुकानात जाऊन एक पुडके घेतले आणि ‘उरलेली’ मागत अर्धा तास उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, “अरे, लिहिलंय औषधे, आणि दिलं एकच!” तिचे व्याकरण शुद्ध होते.

चार शब्द आणि एक आकडा, यावर का समीक्षा लिहायची, असे वाचक विचारतील. पण वाचकहो, ज्या घरात वर्षाकाठी एखादी कादंबरी शिरते, तेथे असले निरोप रोज वाचले जातात. मग त्यांनाच तेवढा टीकाकार नको?

या वाक्याला लेखक नाही, साचा आहे. प्रोग्रॅमरने ते एकदाच लिहिले आणि आकड्यापुरती जागा मोकळी सोडली. इंग्रजीत नामाला ‘एस’ चिकटवला की बहुधा भागते. मराठीत घराची घरे, चिठ्ठीच्या चिठ्ठ्या. लाडू मात्र ताटभर असले तरी लाडूच. शिवाय बदल नामापाशी थांबत नाही. ‘तुमची एक चिठ्ठी आली’, ‘तुमच्या दोन चिठ्ठ्या आल्या’ : सारे वाक्यच हलते. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचे. साचेकाराने ते उघडलेले दिसत नाही.

उपाय अवघड नाही. कोणत्या भाषेला वचनांचे किती साचे लागतात, हे युनिकोड कन्सॉर्शियमच्या नियमावलीत दिलेले आहे : जपानीला एक, मराठीला दोन, अरबीला सहा. अख्खे वाक्य दोनदा लिहावे; कोणते दाखवायचे ते यंत्र आकडा पाहून ठरवते. अर्थात नियमावलीलाही मराठी घर पुरते ठाऊक नाही. १.५ हा आकडा ती अनेकवचनात टाकते आणि ‘१.५ भाकऱ्या’ वाढते. आपण दीड भाकरी खातो. आणि आजोबा एकटेच आले, तरी ते ‘आले’च, ‘आला’ म्हणण्याची कोणाची छाती आहे?

परवा मी दुकानदाराला दुसरे वाक्य लिहून दिले : ‘आपले १ औषध तयार आहे.’ त्याने ते वाचले, मान डोलावली आणि साचा कंपनीकडे असतो, असे सांगितले. आई हल्ली निरोपातला आकडा तेवढा वाचते.